हेदवी ते गिरगाव : एका पदयात्रेचा इतिहास

सध्या हेदवीत आहे. माघातला गणेशोत्सव चालू आहे. दशभुजा लक्ष्मीगणेशाच्या टेकडीवरून सकाळ-संध्याकाळ आरतीचा आवाज आमच्या वाडीपर्यंत येतो, आणि त्याच वेळी मुंबईच्या मित्रांचे निरोप येत असतात : यंदा मोर्चाला येणार की नाही? गेली काही वर्षे या दोन्ही गोष्टी माझ्या वाट्याला एकाच पंधरवड्यात येतात. 'क्विअर आझादी मुंबई'चा मोर्चा बहुधा जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभी निघतो. माघी चतुर्थीही त्याच सुमारास.

मागचा धागा दाभोळ बंदरावर होता. त्याखाली एका वाचकाने विचारले होते की, 'प्राइड' नावाची ही परदेशी जत्रा आपल्याकडे आणली कोणी? प्रश्न खोचक होता, परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला खोचक प्रश्नही चालतो. उत्तर लांबले आहे, सावकाश वाचावे.

परदेशाचा भाग आधी उरकतो. न्यूयॉर्कमधील 'स्टोनवॉल' या मद्यगृहावर २८ जून १९६९ च्या पहाटे पोलिसांनी धाड घातली. अशा धाडी नेहमीच्याच होत्या. त्या रात्री मात्र गिऱ्हाइके पळाली नाहीत, उलट उभी राहिली, आणि पुढे काही दिवस त्या वस्तीत चकमकी होत राहिल्या. वर्षाने, २८ जून १९७० रोजी, त्याच्या स्मरणार्थ पहिला मोर्चा निघाला. जगभर जून महिना या पदयात्रांचा मानला जातो तो यामुळे. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस असतो, हे न्यूयॉर्कच्या लोकांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आता आपल्याकडे वळू. सर्वसाधारणपणे ही कथा १९९९ च्या कोलकात्यापासून सांगतात. मला ती दाभोळच्या खाडीपलीकडून सांगाविशी वाटते.

हेदवीहून उत्तरेला निघालो की गुहागर लागते, पुढे धोपावे. तिथे फेरीबोटीत गाडी चढवायची, खाडी ओलांडून दाभोळला उतरायचे, आणि दापोलीकडे जायचे. दापोलीजवळचे मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे गाव. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ यांचा जन्म १८८२ सालचा, मुरूडचाच. दापोलीहून आणखी उत्तरेला गेले की मंडणगड तालुक्यात आंबडवे लागते, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. बाबासाहेबांच्या बालपणाची काही वर्षेही दापोलीतच गेली. एकाच जिल्ह्यातील ही दोन माणसे १९३४ साली मुंबईत एका खटल्यात एकत्र आली, एक आरोपी म्हणून आणि दुसरा त्याचा वकील म्हणून.

रघुनाथराव गणिताचे प्राध्यापक. गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजात ते शिकवीत. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्या प्रचारापायी १९२५ साली त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली, आणि १९२७ च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. ते १९५३ पर्यंत, म्हणजे त्यांच्या मृत्यूपर्यंत चालले. वाचक लैंगिक आयुष्याविषयीच्या शंका पत्राने विचारीत आणि कर्वे त्यांना सरळ, आडपडदा न ठेवता उत्तरे देत. १९३४ च्या खटल्यास कारण झाली ती अशीच उत्तरे, आणि त्यांच्या विषयांत हस्तमैथुनाबरोबर समलिंगी संबंध हाही विषय होता.

आंबेडकरांनी या खटल्यात केलेला युक्तिवाद मला त्यांच्या एकूण कार्यातला फारसा न वाचला गेलेला, पण अतिशय धीट भाग वाटतो. लैंगिक विषयावरचे लेखन केवळ त्या विषयामुळे अश्लील ठरत नाही, असे ते म्हणाले. वाचकाने शंका विचारली तर तिला उत्तर मिळालेच पाहिजे, असेही म्हणाले. आणि हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकांचा हवाला देऊन त्यांनी न्यायाधीशांपुढे मांडले की, समलिंगी ओढ काही माणसांत उपजतच असते, आणि आपल्याला सुख कशात आहे हे ठरवण्याचा अधिकार त्या माणसांना आहे. खटला ते हरले. कर्व्यांना दंड झाला. मासिक बंद पडले नाही.

कर्व्यांची सगळीच मते आज आपल्याला पटतील असे नाही, आणि त्या खटल्याला मी पदयात्रेचा पूर्वज वगैरेही म्हणणार नाही. चळवळीतील आमचे काही मित्र पूर्वज शोधण्याच्या नादात देवळांच्या शिल्पांपासून पुराणांपर्यंत सगळीकडे हात घालतात. आमच्याकडे शिमग्यात संकासुराबरोबर गोमू नाचते. ती लुगडे नेसलेला पुरुषच असतो. कुणी एकदा मला उत्साहाने सांगितले की, हा बघ तुमच्या गावातला पुरावा. नाही. गोमू होणारा आमचा शेजारी चार मुलांचा बाप आहे, आणि सोंग हे सोंग असते. पुरावा म्हणून मला १९३४ चा खटला पुरतो. मराठीत कुणीतरी तो प्रश्न विचारला होता, मराठीत त्याला उत्तर दिले गेले होते, आणि ते उत्तर देण्याचा हक्क एका मराठी वकिलाने न्यायालयात उभे राहून मागितला होता. 'परदेशी जत्रे'च्या उत्तरातला हा पहिला मुद्दा.

दुसरा मुद्दा कायद्याचा. कलम ३७७ ज्या भारतीय दंड संहितेत होते ती १८६० ची, अंमल १८६२ पासून. तिचा मूळ मसुदा मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ पर्यंत तयार केला होता. इंग्लंड व वेल्सने प्रौढ पुरुषांमधील खासगी संबंधांना गुन्ह्यातून वगळले ते १९६७ साली. तेव्हा इंग्रजांना इथून जाऊन वीस वर्षे झाली होती, कलम मात्र आपल्याकडे राहिले होते. मोर्चा परदेशातून आला हे मला मान्य आहे. ज्या कायद्याविरुद्ध तो निघाला तोही बोटीनेच आला होता, एवढेच जोडून सांगतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाकडे येऊ. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ चे. त्यातली सुमित्रा, जिला सारे 'मित्रा' म्हणतात, ती एका मुलीवर प्रेम करते. ही भूमिका रोहिणी हट्टंगडींनी केली. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केले आणि १९९४ मध्ये 'हमसफर ट्रस्ट' स्थापन झाला. 'मित्र' आणि 'दोस्त' हे शब्द या इतिहासात वारंवार येतात. जे नाव उघड घेता येत नाही त्याच्या जागी मैत्री येते. कोलकात्यातही तेच झाले, त्याकडे येतोच.

त्याआधी दिल्ली. 'एड्स भेदभाव विरोधी आंदोलन' या गटाने ११ ऑगस्ट १९९२ रोजी पोलीस मुख्यालयासमोर निदर्शने केली. कॅनॉट प्लेसच्या उद्यानातून काही पुरुषांना पोलिसांनी पकडून नेले होते, त्याचा तो निषेध होता. अभिमान, उत्सव, रंग यांतले तिथे काही नव्हते. उद्यानात बसलेल्या माणसाला का धरता, एवढीच तक्रार होती. याच गटाने पुढे १९९४ मध्ये कलम ३७७ विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात पहिली याचिका केली.

२ जुलै १९९९. कोलकाता. पंधरा माणसे, पिवळे टी-शर्ट, आणि पाऊस. भारतातलीच नव्हे, तर दक्षिण आशियातली ही पहिली पदयात्रा मानली जाते, आणि तिचे नाव होते 'फ्रेंडशिप वॉक', मैत्रीची फेरी. पंधरा हा आकडा मी जेव्हा जेव्हा लिहितो तेव्हा थांबतो. आमच्या वाडीतून टेकडीवर पालखीबरोबर जाणारी माणसेसुद्धा याहून अधिक असतात. ती पंधराजण चालून घरी परतली, आणि पुढच्या वर्षी लगेच देशभर मोर्चे सुरू झाले असेही झाले नाही. इतिहासात बरेचदा असे होते. आरंभ झाला हे नंतर कळते.

बरोबर दहा वर्षांनी, २ जुलै २००९ रोजी, 'नाझ फाउंडेशन'च्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे खासगी संबंध कलम ३७७ मधून वगळले. निकाल देणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा मूळचे सोलापूरचे. तारखांच्या योगायोगात अर्थ शोधू नये असे आम्हांला शिकवतात. मी शोधत नाही, नोंदवतो.

या दोन तारखांच्या मध्ये २००८ येते. त्या वर्षी २९ जूनला दिल्ली, बंगळूर आणि कोलकाता येथे एकाच दिवशी मोर्चे निघाले. दिल्लीत चालणाऱ्यांसाठी मुखवटे ठेवले होते. ज्यांना चेहरा दाखवणे परवडणारे नव्हते त्यांनी ते लावले. मुंबईने तारीख निराळी निवडली : १६ ऑगस्ट, स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी. मार्गही विचारपूर्वक ठरवला होता. आरंभ ऑगस्ट क्रांती मैदान, म्हणजे जुना गवालिया टँक, जिथे ८ ऑगस्ट १९४२ रोजी 'छोडो भारत'चा ठराव झाला. शेवट गिरगाव चौपाटी. मागण्यांत एक मागणी अशी होती की, हा कायदा इथे ठेवून गेल्याबद्दल ब्रिटिश सरकारने क्षमा मागावी. जून आणि न्यूयॉर्क सोडून ऑगस्ट आणि गवालिया टँक धरणे, यात मला त्या आयोजकांची इतिहासाची जाण दिसते. चौपाटीला पोहोचलेले ते लोक विल्सन कॉलेजच्या समोर उभे होते. रघुनाथ कर्व्यांची आठवण तिथे कुणाला झाली असेल का, कोण जाणे.

पायी चालून हक्क सांगणे ही आपल्याकडे नवी रीत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याकडे माणसे चालतच गेली होती. दोन अन्यायांची बरोबरी मी करीत नाही, ती करूही नये. पण रस्ता सर्वांचा, पाणी सर्वांचे, आणि आम्ही या रस्त्यावर दिसणार, हे सांगण्याची पद्धत या मातीत तेव्हापासून रुजलेली आहे. घरातली गोष्ट चौकात आणण्याचेही तसेच : १८९३ नंतरचा सार्वजनिक गणेशोत्सव घ्या. 'चार भिंतींआड काय ते करा, रस्त्यावर कशाला?' असे आज विचारणारे गणपती मात्र आनंदाने रस्त्यावर आणतात.

गिरगावाबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण माझी अडचण तिथेच आहे.

रत्नागिरीच्या माणसासाठी गिरगाव म्हणजे गावाचाच एक तुकडा. आमच्या तालुक्यातली माणसे चाकरमानी म्हणून मुंबईला गेली ती गिरगाव, लालबाग, परळ इथल्या चाळींत राहिली. गावोगावची मंडळे तिथे भरली, लग्ने तिथे जुळली, आणि हेदवीत कुणाचे काय चालले आहे हे हेदवीआधी तिथे कळू लागले. माझे काका गिरगावातल्या एका चाळीत राहतात. पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईला आलो तेव्हा पहिले वर्ष मी त्यांच्याकडेच काढले. दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी, खाली रस्ता.

करोनाच्या खंडानंतर २०२३ च्या फेब्रुवारीत मोर्चा पुन्हा निघाला, तेव्हा मी प्रथमच गेलो. काकूला सांगितले, ग्रंथालयात जातो. तोंडाला मुखपट्टी होती. तोवर बहुतेकांनी ती काढून टाकली होती, मी जपून ठेवली होती. २००८ च्या दिल्लीतल्या मुखवट्यांवर मी एक टिपण लिहिले होते आणि त्यात 'भयाची दृश्य खूण' असा काहीसा शब्दप्रयोग केला होता. त्या दिवशी ते टिपण आठवून मला फार ओशाळल्यासारखे झाले.

मैदानात ढोलताशे होते, झेंडे होते, आपल्या मुलांबरोबर आलेल्या काही आया होत्या. एका बाईंच्या हातातला फलक मराठीत होता. तो वाचत मी बराच वेळ उभा राहिलो, मग रांगेत शिरलो. कडेने पोलीस चालत होते. नाना चौकाजवळ एका हवालदारांनी सहज विचारले, "कुठले तुम्ही?" बोलण्याचा हेल ओळखीचा होता. मी म्हटले, "गुहागर." "गुहागरात कुठं?" आणि मी म्हणालो, "वेळणेश्वर."

वेळणेश्वर हे आमच्या शेजारचे गाव. "मी अडूरचा," ते म्हणाले. "जरा बघून चला, पुढं खड्डा आहे." मी बघून चाललो, आणि पुढच्या वळणावर रांगेतून बाहेर पडून गेलो. चाळीच्या रस्त्याला मोर्चा वळला की नाही हेही मी पाहिले नाही. रात्री काकूने विचारले, "मिळालं का पुस्तक?"

त्यानंतर मी या मोर्चांचा इतिहास अधिक काटेकोरपणे वाचू लागलो.

पुण्याचा पहिला मोर्चा ११ डिसेंबर २०११ चा. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये स्थापन केलेला 'समपथिक ट्रस्ट' त्यामागे होता. खिऱ्यांचे काम मला विशेष महत्त्वाचे वाटते ते मराठीमुळे. 'पार्टनर' ही कादंबरी, 'इंद्रधनु' हे पुस्तक, आणि इतर बरेच लेखन त्यांनी मराठीत केले. चिपळूणला शिकत असताना मला या विषयावर जे पहिले वाचायला मिळाले ते त्यांचेच, आणि ते इंग्रजीत असते तर त्या वयात माझ्या हाती लागले नसते. पुढे पुण्यातच पदयात्रेत कपडे कसे घालावेत यावरून वाद झाला. सभ्य पोशाखात या, असे आवाहन झाले आणि अनेकांना ते खटकले. समाजाने स्वीकारावे म्हणून समाजासारखे दिसायचे, की आहोत तसेच यायचे? हा वाद पुणेरी वाटला तरी तो प्रत्येक चळवळीत असतो. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते. अर्थात जो मुखपट्टी लावून गेला त्याच्या मताला किती वजन द्यावे, हे वाचकांनी ठरवावे.

बरोबर दोन वर्षांनी, ११ डिसेंबर २०१३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल फिरवला. कायद्याच्या दृष्टीने जी माणसे साडेचार वर्षे गुन्हेगार नव्हती ती पुन्हा गुन्हेगार झाली. मोर्चे थांबले नाहीत. पुढच्या एप्रिलमध्ये, १५ तारखेला, त्याच न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य करणारा 'नालसा' निकाल दिला. नागपूरला २०१६ मध्ये मोर्चा निघाला. एका हाताने काढून घेणे आणि दुसऱ्या हाताने देणे, असा तो काळ होता.

६ सप्टेंबर २०१८ हा दिवस मला घरातून आठवतो. गणपती आठवड्यावर आले होते. मी अठरा वर्षांचा, रंगाचा डबा घेऊन ओटीवर उभा. आत दूरदर्शन संचावर मराठी वाहिनीवर बातमी चालू होती : कलम ३७७ चा तो भाग रद्द. पाच न्यायमूर्ती, एकमत. बाबांनी दोन मिनिटे पाहिले आणि पावसाचा अंदाज बघण्यासाठी वाहिनी बदलली. कुणी काही बोलले नाही. मी भिंतीचा तोच तुकडा दोनदा रंगवला.

त्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिले आहे की, या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची इतिहासाने क्षमा मागितली पाहिजे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे यांनी अशा वसाहतकालीन कायद्यांबद्दल खेद व्यक्त केला होता. २००८ च्या मुंबईकरांनी क्षमा मागितली होती, दहा वर्षांनी खेद मिळाला. इतिहास मात्र क्षमा मागू शकत नाही, असे आमचा शास्त्रविचार सांगतो; तो कुणी व्यक्ती नव्हे. तरीही कुटुंबीयांचा उल्लेख वाचून मला बाबांचा दूरनियंत्रक हातात धरलेला चेहरा आठवतो.

पुढचे थोडक्यात. २०२० च्या फेब्रुवारीत मुंबईच्या मोर्चाला नेहमीच्या मार्गाची परवानगी मिळाली नाही. नागरिकत्व कायद्याविरोधी आंदोलनांचे ते दिवस होते, आणि मोर्चाऐवजी आझाद मैदानावर मेळावा झाला. तिथल्या घोषणांवरून राजद्रोहाचे गुन्हे दाखल झाले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. ज्यांना वाटते की सगळे मिळाले, आता मोर्चा कशासाठी, त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

हे सगळे लिहीत आज दुपारी पडवीत बसलो होतो. आजीने विचारले, "एवढं काय लिहितोस?" म्हटले, मुरूडच्या कर्व्यांवर. "अण्णांवर?" नाही, त्यांच्या मुलावर. तिला चष्मा सापडेना, म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवले. न्यूयॉर्क गाळले. मासिक, पत्रे, कोणत्या विषयाची पत्रे, आंबेडकर काय म्हणाले, सगळे वाचले. आवाज मध्ये एकदा अडकला. तिने तांदूळ निवडणे थांबवले नाही.

"मग दंड कुणी भरला?" तिने विचारले.

मी म्हटले, शोधून सांगतो.

"आणि पुढे?"

पुढे गिरगाव होते. पण तेवढ्यात शेजारच्या काकू प्रसाद घेऊन आल्या आणि वाचन तिथेच राहिले. उद्या रात्रीच्या गाडीचे तिकीट काढले आहे. आजीला सांगितले आहे की मोर्चासाठी जातो. कसला, ते उद्या सकाळी पुढचा भाग वाचताना येईलच.